जमीन तुमची, की तुमच्या ताब्यातली?

आमचे दादा सासवडच्या कचेरीबाहेर दस्त लिहायचे. उतरतं लाकडी मेज, निळ्या शाईचं पेन, अंगठ्यासाठी स्टॅम्पपॅड आणि पाय दुमडून बसायला सतरंजीची घडी, एवढंच त्यांचं ऑफिस. खरेदीखत करायला आलेल्या माणसाला ते आधी चहा सांगायचे आणि मग विचारायचे, "जमीन तुमची, की तुमच्या ताब्यातली?"

"म्हंजे काय दादा? सातबाऱ्यावर माझंच नाव हाय की!"

"नाव आहे हो. पण ते लागलं कसं?"

वारसानं, वाटणीनं, खरेदीनं यांपैकी काही उत्तर आलं तर दादा लिहायला घ्यायचे. 'वहिवाटदार म्हणून' किंवा 'पंच म्हणून' असं उत्तर आलं की पेनाला टोपण लावायचे आणि म्हणायचे, "आधी देवाला विचारून या." लहानपणी मला वाटायचं, हा माणूस आता खरंच देवळात कौल लावायला जाणार. वकिली सुरू केली तेव्हा कळलं, देवाला विचारणं म्हणजे पुण्याला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करणं.

गेली एकतीस वर्षं मी जमिनींचे सर्च रिपोर्ट लिहिते आहे. कुळांच्या, इनामांच्या, वाटण्यांच्या भानगडी पुष्कळ पाहिल्या. पण ज्या एका दस्तापुढे मी आजही दोन रात्री जास्त काढते, तो म्हणजे विश्वस्तांनी करून दिलेलं खरेदीखत. त्यात सही करणारा माणूस दुसऱ्याच्या मालमत्तेवर सही करत असतो, आणि तो दुसरा अनेकदा बोलू शकत नाही. तो देव असतो, वाचनालय असतं, मरण पावलेल्या माणसाची इच्छा असते, एखादं अजाण लेकरू असतं.

२०१६ सालची गोष्ट. प्राथमिक शाळेतले एक गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, त्याही शिक्षिकाच, माझ्याकडे आले. कऱ्हेकाठच्या एका गावालगत दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट घ्यायचा होता. बयाणा म्हणून एक लाख देऊन झाले होते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावलेले. विकणाऱ्याने तयार सर्च रिपोर्ट दिलेला, शेवटी 'टायटल क्लिअर अँड मार्केटेबल' असा शेरा.

रिपोर्ट खोटा नव्हता. त्यात तीस वर्षांचा शोध घेतला होता, म्हणजे १९८६पासूनचा. तेवढ्या काळात सगळं स्वच्छ होतं. पाच भावांची जमीन, त्यांनी १९९६मध्ये विकली, मग ले-आउट, मग प्लॉट. तीस वर्षं मागे जायचं हा रिवाज आहे. पण जमिनीचा भूतकाळ तीस वर्षांवर येऊन थांबत नाही.

एनए होण्याआधीचा हस्तलिखित सातबारा पिशवीत सापडला. त्यावर वरच्या बाजूला 'शेताचे स्थानिक नाव' असा एक बारीक रकाना असतो. तिकडे कोणी बघत नाही. मालक बघतात, क्षेत्र बघतात, इतर हक्कांत बँकेचा बोजा आहे का ते बघतात. त्या रकान्यात तलाठ्याच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'देवाचा मळा'.

मळ्याचं नाव देवाचं आणि मालक पाच भाऊ. असं असू शकतं, शेजारी देऊळ असलं तरी शेताला असं नाव पडतं. पण मला चैन पडेना. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज दिला. जुनी पानं हाताळताना कडा पापडासारख्या मोडतात, म्हणून पान खालून तळव्यावर घेऊन उलटावं लागतं. १९५०च्या दशकातल्या उताऱ्यावर मालक म्हणून गावच्या देवाचं नाव होतं आणि त्याखाली, जरा आत सरकवून, 'वहिवाटदार' म्हणून या पाच भावांचे वडील. पुढच्या पुनर्लेखनात दोन्ही नावं एका ओळीत आली. पुढे एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले, तेव्हा नव्या गटावर फक्त वडील राहिले. 'वहिवाटदार' हा शब्दही गळाला. ते वारल्यावर वारसाचा फेरफार झाला आणि पाच मुलं मालक झाली. कुठेही खोटी सही नाही, खोटा शिक्का नाही. लिहिणाऱ्याने दर वेळी एकेक शब्द कमी लिहिला.

मग पुणं गाठलं. धर्मादाय कार्यालयात प्रत्येक सार्वजनिक न्यासाची नोंदवहीत नोंद असते. तिला आम्ही 'पीटीआर' किंवा 'शेड्यूल वनचा उतारा' म्हणतो. न्यासाचं नाव, नोंदणी क्रमांक, विश्वस्त कोण, ते कसे नेमले जातात आणि स्थावर मिळकत कोणती, हे सगळं त्यात असतं. हिंदू देवस्थानांचे नंबर 'ए' मालिकेत असतात, सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थांचे 'एफ'मध्ये. या देवाचा न्यास १९५३मध्ये नोंदला गेला होता, आणि स्थावर मिळकतीच्या रकान्यात जुना सर्व्हे नंबर क्षेत्रासकट उभा होता.

गुरुजींना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. बाईंनी विचारलं, "म्हणजे आम्ही फसलो का?"

"अजून नाही," मी म्हटलं. "सहीच्या आधी आलात."

बयाण्यातले पन्नास हजार आठ महिन्यांनी परत मिळाले, उरलेले नाहीत. पण त्या ले-आउटमध्ये तोवर दोन घरं उभी राहिली होती, एकाचं तर रंगकाम चाललं होतं. पुढे गावात नवे विश्वस्त आले, त्यांनी दावा लावला. तो अजून चालू आहे. मी त्या रस्त्यानं गेले की त्या घराच्या कुंडीतली तुळस बघते आणि पोटात गोळा येतो. त्या लोकांनी कर्ज काढून, रीतसर मुद्रांक भरून, फोटो-अंगठे देऊन घर घेतलं होतं.

इथे लोक मला हमखास विचारतात की नोंदणी झाली ना, मग सरकारने बघितलं नाही का? दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. ज्या व्यवहाराला कायद्याने परवानगी लागते, त्याच्या दस्ताला परवानगीची प्रत जोडलेली हवी, असा नोंदणीच्या नियमांत नियम आहे. पण दस्तात ट्रस्टचा उल्लेखच नसेल तर टेबलावरच्या माणसाला ते कळणार कसं?

आता कायदा. न्यास दोन जातींचे. एखाद्याने आपल्या कुटुंबातल्या माणसांसाठी केलेला तो खाजगी. त्याला भारतीय न्यास अधिनियम, १८८२ लागतो. देऊळ, शाळा, धर्मशाळा, वाचनालय, म्हणजे लोकांसाठी असलेला तो सार्वजनिक. त्याला आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. जुने लोक त्याला अजून 'बॉम्बे ट्रस्ट अ‍ॅक्ट' म्हणतात. या दुसऱ्या कायद्याचं कलम ३६ प्रत्येकाने घर घेण्याआधी एकदा वाचावं असं मला मनापासून वाटतं. सार्वजनिक न्यासाच्या स्थावर मिळकतीची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध नाही. भाडेपट्टासुद्धा शेतजमिनीचा दहा वर्षांवर आणि बिनशेती जमिनीचा किंवा इमारतीचा तीन वर्षांवर गेला की परवानगी लागते. न्यासपत्रात 'विश्वस्तांना विक्रीचा पूर्ण अधिकार' असं लिहिलेलं असलं तरीही लागते. विश्वस्त ते न्यासपत्र पुढे करतात आणि घेणारा निर्धास्त होतो, तिथे घात होतो.

२०१७च्या दुरुस्तीने एक झरोका ठेवला. अपवादात्मक परिस्थितीत, परवानगी नसल्यामुळे न्यासाचे, मोठ्या समूहाचे किंवा प्रामाणिक खरेदीदाराचे हाल होत असतील, तर आयुक्त विक्रीनंतरही मंजुरी देऊ शकतात. पण तातडीची गरज होती, किंमत बाजारभावापेक्षा कमी नव्हती, विश्वस्तांनी स्वतः काही कमावलं नाही, दस्त नोंदलेला आहे, असं सगळं पटवून द्यावं लागतं. त्या दोन घरांना याचा उपयोग नाही. तिथे विश्वस्तांनी विकलंच नव्हतं. ज्यांनी विकलं ते विश्वस्त नव्हते.

आणि काळ लोटला म्हणून सुटका होते, असंही समजू नये. देवस्थानाच्या आधीच्या व्यवस्थापकाने मोबदला घेऊन विकलेली मिळकत परत मागायला मुदतीचा कायदा बारा वर्षं देतो. ती बारा वर्षं खरेदीच्या तारखेपासून मोजत नाहीत. विकणारा वारला, पायउतार झाला किंवा दावा लावणारा नवा व्यवस्थापक नेमला गेला, यातलं जे शेवटचं असेल तिथून मोजतात. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. पण मला हा नियम योग्य वाटतो. ज्याला तोंड नाही त्याच्या बाजूने बोलणारं कोणी येईपर्यंत कायद्याने घड्याळ थांबवून धरलं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये मध्य प्रदेशातल्या पुजाऱ्यांच्या प्रकरणात सांगितलं की देवस्थानाच्या जमिनीचा मालक देव, पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा. मालकाच्या रकान्यात त्याचं नाव असण्याची गरज नाही. मला त्या दिवशी दादांची फार आठवण झाली.

परवानगी म्हणजे नुसता अडथळा, असं मात्र कोणी मनात आणू नये. ती नीट घेतली तर काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका गावच्या वाचनालयाची पेठेतली जुनी जागा विकायची होती. छप्पर गळत होतं, मासिकांच्या बांधीव फायलींना वाळवी लागली होती. एसटी स्टँडजवळ दान मिळालेला मोकळा प्लॉट होता, तिथे नवी इमारत बांधायला पैसे हवे होते. पाच विश्वस्त, सगळे साठीच्या पुढचे. मी त्यांचा अर्ज केला. नियमांप्रमाणे अर्जात सांगावं लागतं की न्यासपत्रात विक्रीबाबत काही सूचना आहे का, विकायची गरज काय आणि विकण्यात न्यासाचं हित कसं. सोबत तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल. आम्ही दोन वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, मोहोरबंद निविदा मागवल्या. चार आल्या. सगळ्यांत मोठी ४६ लाखांची.

सह आयुक्तांपुढे तारीख होती. आमचा अर्ज पुकारला आणि मागच्या बाकावरून औषधांच्या दुकानाचे एक मालक उठले. "साहेब, मी ५५ देतो," म्हणाले आणि डिमांड ड्राफ्टची झेरॉक्स पुढे केली. ४६ वाले खवळले. पाकिटं उघडून झाल्यावर हा कुठला न्याय? त्यांचा राग मला समजत होता. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००७मध्ये शैलेश डेव्हलपर्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की आयुक्तांचं काम समोर आलेल्या प्रस्तावाला नुसतं हो किंवा नाही म्हणण्यापुरतं नाही. न्यासाच्या भल्यासाठी ते जास्तीचा देकार विचारात घेऊ शकतात. मग तिथेच, टेबलासमोर, तोंडी बोली झाली. ६१ लाखांवर थांबली. पंधरा लाखांचा फरक एका दुपारीत पडला. त्या पैशांत मुलांची खोली झाली. खिडकीला बसायला कट्टा आहे आणि शाळा सुटली की तिथे जागा मिळत नाही.

त्या विक्रीचं खत मी स्वतः लिहिलं. 'लिहून घेणार' कोण ते सोपं होतं. 'लिहून देणार' या रकान्यात मात्र दादांनी शिकवलेलं आठवून लिहिलं: वाचनालयाचं नाव, सार्वजनिक न्यास, नोंदणी क्रमांक, तर्फे विश्वस्त, आणि मग पाच नावं. नावं शेवटी, न्यास आधी. ठरावाची तारीख, परवानगीच्या आदेशाचा क्रमांक, आदेशातल्या अटी जशाच्या तशा. धनादेश न्यासाच्या नावाने, एका पैशाचाही व्यवहार विश्वस्ताच्या खात्यावर नाही. पाचही जण शेड्यूलवर आहेत ना, हे आधी तपासलं, कारण खरी मेख तिथे असते. विश्वस्त वारतात, त्यांच्या जागी मुलगा बसतो, बैठका घेतो, सह्या करतो, पण बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो नव्वद दिवसांत द्यायचा तो दहा वर्षं कोणी दिलेला नसतो. मग वाद उभा राहिला की त्या मुलाची सही कुणाची, हाच पहिला प्रश्न येतो.

आता एक गोष्ट जी बहुतेक खरेदीदारांना ठाऊक नसते. साध्या खरेदीखतात विकणारा म्हणतो, ही मिळकत निर्वेध आहे, कोणी हक्क सांगितला तर मी निवारण करून देईन. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या कलम ५५मध्ये ही हमी न लिहिताही गृहीत धरली आहे. पण तिथेच पुढे म्हटलं आहे की विकणारा विश्वासाच्या नात्याने विकत असेल, तर त्याची हमी एवढीच की त्याने स्वतः मिळकतीवर बोजा निर्माण होईल किंवा विकायला अडचण येईल असं काही केलेलं नाही. विश्वस्त फक्त आपल्या हातांची ग्वाही देतो. त्याच्या आधी कोणी काय करून ठेवलं, ते त्याच्या गळ्यात पडत नाही. म्हणून विश्वस्ताकडून घेताना शोध तुम्ही घ्यायचा, तोही चांगला खोल.

माझी भाची कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोला असते. तिने घर बघितलं तेव्हा रात्री साडेअकराला फोन आला. "आत्या, आधीच्या मालकाला हे घर 'ट्रस्टीज डीड'नं मिळालंय. म्हणजे कुठल्या देवळाचं वगैरे होतं का?" मला त्या मध्यरात्रीही बरं वाटलं, की आमच्या घरातल्या पोरीला हा प्रश्न सुचला. तिकडे प्रकार वेगळा. घरकर्ज घेताना 'डीड ऑफ ट्रस्ट' करतात. कर्जदार, कर्ज देणारा आणि मध्ये एक ट्रस्टी, घर विकण्याचा अधिकार सोपवलेला. हप्ते थकले की तो ट्रस्टी नोटीस नोंदवतो, तीन महिने थांबतो, मग विक्रीची निदान वीस दिवसांची सूचना लावतो आणि कोर्टात न जाता जाहीर लिलाव करतो. लिलावात घेणाऱ्याला जो दस्त मिळतो तो ट्रस्टीज डीड. आणि त्यातही ट्रस्टी मालकीची हमी देत नाही. तिला मी एवढंच सांगितलं की लिलावाआधीच्या नोटिसा बरोबर निघाल्या होत्या का आणि कुठला जुना बोजा मागे राहिलाय का ते बघ, आणि टायटल इन्शुरन्स घे. ती म्हणाली, "इथे तो घेतातच गं." आपल्याकडे ती सवय नाही. आपल्याकडे अभिलेख कक्ष आहे.

एक चूक माझ्या हातून झालेली आहे, ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही. १९९८मध्ये एका संस्थेकडून दुकानाची जागा घेणाऱ्यासाठी मी कागद पाहिले. परवानगी होती, ठराव होता, सह्या बरोबर होत्या. मी दस्त करायला सांगितलं. आदेशाच्या शेवटच्या पानावर अट होती की खरेदीखत एका वर्षात करावं. दस्त झाला तेव्हा चौदा महिने उलटले होते. मी पहिलं पान वाचून समाधान मानलं होतं. सहा वर्षांनी त्यांच्या मुलाने त्या जागेवर कर्ज मागितलं तेव्हा बँकेच्या वकिलांनी ते काढलं. कर्ज हातचं गेलं, मुलाचा सीझन बुडाला. मुदतवाढीसाठी मी अकरा वेळा पुण्याला गेले, फी न घेता, आणि मुदत वाढवून मिळाली. पण त्या मुलाचं ते वर्ष मी त्याला परत देऊ शकले नाही. तेव्हापासून परवानगीचा आदेश मी शेवटच्या पानापासून वाचते. पैसे कुठल्या बँकेत ठेवायचे, कशासाठी वापरायचे, दस्त कधीपर्यंत करायचा, सगळं तिथेच असतं.

खाजगी न्यासांत आयुक्तांची परवानगी नसते, म्हणून लोकांना ते सोपं वाटतं. मला ते जास्त नाजूक वाटतं. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आपल्या मुलासाठी न्यास केला होता. मुलगा तेव्हा तिशीचा, पण बुद्धीने सात-आठ वर्षांचा. तीन विश्वस्त नेमले: मुलाची मावशी, एक सीए मित्र आणि मस्कतला असलेला चुलतभाऊ. वडील गेल्यावर काही वर्षांनी तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकून तळमजल्यावर जागा घ्यायचं ठरलं, कारण मुलाचे गुडघे दुखायचे आणि लिफ्ट नव्हती.

चुलतभावाने फोनवर सांगितलं, "मीच घेतो तो फ्लॅट. बाजारभावावर दोन लाख जास्त देतो. काकांची वास्तू बाहेर जायला नको." त्याच्या मनात काडीचंही पाप नव्हतं. मला ते आजही माहीत आहे. तरी मी नाही म्हटलं. १८८२चा न्यास अधिनियम सांगतो की ज्या विश्वस्ताचं काम विकणं आहे, त्याने स्वतः किंवा दुसऱ्याच्या नावाने ती वस्तू घेऊ नये. विकणारा जास्तीत जास्त किंमत बघतो, घेणारा कमीत कमी. एकच माणूस दोन्हीकडे उभा राहिला तर मुलाच्या बाजूने कोण भांडणार? आज तो दोन लाख जास्त देत होता. पण तो भाव बाजाराचा खरा भाव होता का, हे तपासायला दुसरा डोळा उरला नसता. त्याला हे समजायला चार दिवस लागले. मग त्यानेच तिसऱ्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करून तीन लाख वाढवून घेतले.

आणखी एक अडचण होती. एकापेक्षा जास्त विश्वस्त असले की, न्यासपत्रात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर, सगळ्यांनी मिळून काम करायचं. दोघांच्या सहीने भागत नाही. आणि विश्वस्ताला आपलं काम असंच दुसऱ्यावर सोपवता येत नाही. म्हणून सरसकट कुलमुखत्यारपत्र चालत नव्हतं. पण निर्णय स्वतः घेऊन, विवेकबुद्धी लागणार नाही असं नुसतं यांत्रिक काम दुसऱ्याकडून करून घेतलं तर कायदा त्याला सोपवणं समजत नाही. चुलतभावाने किंमत, गिऱ्हाईक, दस्ताचा मसुदा हे सगळं वाचून ठरावावर सही केली, आणि त्याच मसुद्यावर निबंधकांपुढे सही करण्यापुरतं पत्र मस्कतच्या भारतीय दूतावासात करून पाठवलं. मसुदा त्या पत्राला जोडलेला. एक स्वल्पविराम बदलायचा असता तरी परत विचारावं लागलं असतं.

दस्ताच्या दिवशी मावशी मुलाला घेऊन आल्या, घरी एकटा ठेवायला कोणी नव्हतं म्हणून. तो दारातल्या बाकावर बसून पार्ले-जीचा पुडा उघडत होता. आत नंबर लागला. कॅमेऱ्यामागच्या मुलाने मान वर न करता विचारलं, "मालक कोण? पुढे या, फोटो."

मावशी म्हणाल्या, "मालक बाहेर बसलाय. मी त्याची मावशी."

कायद्याच्या भाषेत ते चूक होतं. खाजगी न्यासात मिळकत विश्वस्ताच्याच नावावर असते, आणि ज्याच्यासाठी न्यास केला त्याचा हक्क विश्वस्ताकडून हिशेब मागण्याचा असतो. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. कॅमेऱ्यामागच्या मुलाला फक्त सांगितलं, "विश्वस्त म्हणून यांचा फोटो घ्या." मावशींनी पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, बोट यंत्रावर ठेवलं आणि बाहेर बिस्किटं संपली असतील म्हणून घाईने वळल्या.